बाबांना पार्किन्सन्स: ही गाडी कुठवर जाते?

कृष्णाकाठ | ११ जून, रात्री १०:४०

नमस्कार. इथे मी बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

बाबा ६७ वर्षांचे. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, सांगलीलाच निवृत्त झाले. मार्चमध्ये बँकेने त्यांचा चेक परत पाठवला, सही जुळत नाही म्हणून. आम्ही हसलो. पुढच्या आठवड्यात दुसराही परत आला. मग नीट पाहिलं तर सही पहिल्या अक्षरापासून बारीक बारीक होत गेलेली, शेवटचं अक्षर मुंगीएवढं. फलाटावर उभ्या उभ्या नोंदवहीत टपोरं लिहिणाऱ्या माणसाची ही सही. त्यानंतर एकेक दिसायला लागलं. चालताना उजवा हात हलतच नाही, अंगाला शिवल्यासारखा. शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं. चेहरा सतत घुश्शात, आई म्हणायची, "मी काय केलंय यांचं?" कंप अगदी थोडा, तोही टीव्हीसमोर निवांत बसले की उजव्या अंगठ्यात.

पुण्यात न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी बोटं आपटायला लावली, चालायला लावलं आणि सांगितलं, पार्किन्सन्स, पहिली स्टेज. लेवोडोपाची अर्धी गोळी तीन वेळा चालू आहे, हळूहळू पूर्ण करायची आहे. फरक आहे.

पहिली म्हणजे पुढे चार स्टेज आहेत. एकीतून दुसरीत जायला किती वर्षं लागतात? नेटवर नको ते पाहून झोप उडालीय. बाबांना मी काहीच सांगितलेलं नाही. ते त्यांच्या भाषेत विचारतात, "ही गाडी कुठवर जाते रे?" ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी खरं सांगा. धीर देऊ नका, त्याला नातेवाईक पुरेसे आहेत.

भटकभवानी | ११ जून, रात्री ११:०५

माझ्या मामांना आहे, पण आमच्याकडे कुणी नीट बोलतच नाही यावर. वाचतेय.

निवृत्तमास्तर | १२ जून, सकाळी ७:५०

कृष्णाकाठ, मी स्वतः रुग्ण आहे. बारावं वर्ष. चिपळूणला गणित शिकवत होतो. हे मोबाइलला बोलून लिहून घेतोय, तेव्हा शब्द इकडचे तिकडे झाले तर गुण कापू नका.

स्टेज मोजायचं सोडा. मीही पहिल्या वर्षी आलेख काढला होता, आडव्या अक्षावर वर्षं, उभ्यावर स्टेज. एकही बिंदू रेषेवर पडला नाही. माझ्या मते या आजाराची प्रगती गोळीवर मोजावी.

पहिली पाच वर्षं मी तीन गोळ्या घ्यायचो. एखादी विसरलो तरी शरीराला पत्ता नसायचा. डॉक्टर लोक याला मधुचंद्राचा काळ म्हणतात. आमच्या सौ.चं म्हणणं, खऱ्याच्या वेळीही तुम्ही इतके खूश नव्हता. सहाव्या वर्षी कधीतरी लक्षात आलं की दुपारच्या जेवणाआधी अर्धा तास पाय जड होतात. म्हणजे सकाळच्या गोळीचा असर जेवणापर्यंत टिकेना. मग चार वेळा झाली, मग पाच. आता दर अडीच तासांनी एक. गोळी लागली की मी बाजारात जाऊन मासे घेऊन येतो, भाव करून. गोळी उतरली की खुर्चीतून उठायला दुसरं माणूस लागतं. एकाच दिवसात चार वेळा मी पहिल्या आणि चौथ्या स्टेजमध्ये ये-जा करतो. आता सांगा, मला कुठल्या स्टेजमध्ये बसवाल?

आणि आठव्या वर्षापासून उलटा प्रकार सुरू झाला. गोळी भरात असली की अंग आपोआप डोलतं, मान, खांदे, डावा पाय. मला त्याचा त्रास बघणाऱ्यांपेक्षा कमी होतो. देवळात कीर्तनाला बसलो की लोकांना वाटतं मास्तर तल्लीन झाले.

वडिलांना सांगून टाका. त्यांनी गाडीबद्दल विचारलं म्हणजे त्यांना कळलंय.

कृष्णाकाठ | १२ जून, सकाळी ८:३०

मास्तर, डोळ्यांत पाणी आणि हसू एकदम. आभार.

नसानसांत | १२ जून, रात्री ९:१५

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे. इथे कुणाचं औषध बदलणार नाही, तेवढं सोडून लिहितो.

मास्तरांनी मर्मावर बोट ठेवलंय. ज्या पाच स्टेज सगळे मोजतात त्या होएन आणि यार या दोघांनी १९६७ साली मांडल्या. पहिली, अंगाच्या एकाच बाजूला लक्षणं. दुसरी, दोन्ही बाजूंना, पण तोल शाबूत. तिसरी, तोल ढळू लागतो, तरी माणूस आपलं आपण करतो. चौथी, बरीच मदत लागते, उभं राहता आणि चालता येतं. पाचवी, आधाराशिवाय खुर्ची किंवा अंथरूण. त्यांनी पाहिलेले रुग्ण लेवोडोपा प्रचारात येण्याआधीचे होते, हे कुणी सांगत नाही. त्या काळच्या वर्षांचा हिशेब आज तुमच्या वडिलांना लावणं म्हणजे बैलगाडीच्या वेळापत्रकावर रेल्वेची वाट पाहणं. शिवाय या मोजपट्टीत फक्त चालणं आणि तोल आहे. बद्धकोष्ठता, झोप, मन, आवाज यातलं काहीच नाही, आणि रुग्णांना बऱ्याचदा त्याचाच जास्त जाच होतो.

मेंदूच्या खोडात वरच्या बाजूला एक काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन हे हालचालींना लागणारं रसायन तयार करतात; लेवोडोपापासून मेंदू तेच बनवतो. हाताचा कंप दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त गेलेल्या असतात. म्हणजे तुमच्या बाबांची 'सुरुवात' मार्चमध्ये झालेली नाही. आजार जुना आहे, सही नवी. ब्राक या जर्मन संशोधकाने २००३ मध्ये मांडलं की आल्फा सायन्यूक्लीन या प्रथिनाच्या गाठी आधी वासाच्या केंद्रात आणि मेंदूच्या खोडाच्या अगदी खालच्या भागात दिसतात आणि मग वर चढत जातात. सगळ्यांच्या बाबतीत हा क्रम जुळत नाही, पण पुष्कळांची हकिगत त्यात बसते. आईंना विचारून बघा: वास येणं कमी झालं होतं का? पोट साफ होण्याच्या तक्रारी? झोपेत ओरडणं, लाथा मारणं?

कृष्णाकाठ | १३ जून, दुपारी १:२०

डॉक्टर, आईला आत्ता फोनवर विचारलं. ती दोन मिनिटं गप्पच होती. झोपेत बाबा "थांबवा, गाडी थांबवा" असं ओरडत हात मारायचे म्हणून तिने खाट वेगळी केली, त्याला नऊ वर्षं झाली. आम्ही समजत होतो डेपोचा ताण डोक्यात आहे. मागच्या दिवाळीत भाजणी करपली तर शेजारच्या काकू धावत आल्या आणि हे स्वयंपाकघराच्या दारातच पेपर वाचत बसलेले. पोटाचं तर विचारूच नका, घरात इसबगोलाची बरणी मिठाच्या बरणीपेक्षा मोठी आहे.

भटकभवानी | १३ जून, दुपारी १:४५

वासावरून आठवलं. स्कॉटलंडमधल्या जॉय मिल्न नावाच्या नर्सबाईंना नवऱ्याच्या अंगाचा वास बदललेला जाणवला, कस्तुरीसारखा काहीतरी. त्यानंतर बारा वर्षांनी त्याला पार्किन्सन्सचं निदान झालं. एडिंबराच्या संशोधकांनी त्यांना टी-शर्ट हुंगायला दिले, काही रुग्णांचे, काही निरोगी लोकांचे. बाईंनी एका निरोगी माणसाचा शर्ट 'आजारी' म्हणून बाजूला काढला. चूक धरली गेली. काही महिन्यांनी त्या माणसालाही निदान झालं. इकडे पेशंटचं नाक बंद पडतं आणि तिकडे बायकोला वास येतो, काय गंमत आहे.

रानवैद्य | १३ जून, संध्याकाळी ६:१०

आयुर्वेदात याला कंपवात म्हणतात. खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण दुधातून घ्या, मुळापासून बरा होतो. गोळ्यांच्या चक्रात अडकवून ठेवतात हे लोक. डोलणं वगैरे गोळ्यांमुळेच होतं.

नसानसांत | १३ जून, रात्री १०:००

रानवैद्य, अर्धं बरोबर आहे म्हणून उत्तर देतो. खाजकुयलीच्या बियांत लेवोडोपा असतोच, तेच रसायन, त्यामुळे बरं वाटतं यात नवल नाही. पण मूळ कसं बरं होईल? गेलेल्या पेशी चूर्णानेही परत येत नाहीत आणि गोळीनेही. दुसरं, पुडीत लेवोडोपा किती आहे ते कुणालाच माहीत नसतं. गोळी चालू असताना वरून चूर्ण म्हणजे दुप्पट डोस. गोळीत सोबत कार्बिडोपा असतो, म्हणून मळमळ आटोक्यात राहते. चूर्णात तो नसतो. घेणारे घेतातच, निदान आपल्या डॉक्टरला सांगून घ्या. माझे निम्मे 'अचानक डोलू लागलेले' पेशंट बटव्यातून पुडी काढून दाखवतात.

डोलणं गोळीशी जोडलेलं आहे, हे खरं. पण म्हणून गोळी उशिरा सुरू करून काही शिल्लक पडत नाही. मेंदूत डोपामिन साठवण्याची जागाच कमी होत जाते. हौदाचं टाकं लहान झालं की पाणी वारंवार सोडावं लागतं, आणि सोडलं की उतू जातं. आणि एक, हात जोडून: गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका. ताप, ताठरपणा, शुद्ध हरपण्यापर्यंत जाऊ शकतं.

निवृत्तमास्तर | १४ जून, सकाळी ८:०५

मी चवथ्या वर्षी तीन महिने चूर्ण घेतलंय. चव विचारू नका. गोळीची वेळ तरी हातात असते, चूर्ण कधी लागायचं आणि कधी नाही ते मांजरालाच ठाऊक.

आता जेवणाचं सांगतो. गोळी आणि प्रथिनं आतड्यात एकाच दारातून जातात. डाळ-उसळ-पनीर पोटात असलं की गोळी रांगेत मागे राहते. म्हणून जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची. मी वरण, मासे, दूध सगळं रात्रीवर टाकलंय, दिवसा भात-भाजी. सुरुवातीला याची गरज पडत नाही, उगाच वडिलांचं वरण बंद करू नका.

एडिसनची_सून | १४ जून, सकाळी ९:३० (आमच्याकडे रात्र)

मी न्यू जर्सीत, सासरे नाशिकला. आमचा अनुभव वेगळा म्हणून लिहिते. सासऱ्यांना निदानानंतर दुसऱ्या वर्षी प्रॅमिपेक्सोल नावाची गोळी सुरू केली होती. कंप छान कमी झाला. चार-पाच महिन्यांनी माझ्या नवऱ्याला बँकेतून मेसेज यायला लागले. ज्या माणसाने जन्मात पत्ते हातात धरले नाहीत तो रात्री दोन वाजता मोबाइलवर रमी खेळत होता. शिवाय घरी चार शिलाई मशीन आली होती. चार! घरात कुणाला टाकाही घालता येत नाही. सगळ्यांना वाटलं आजार डोक्यात गेला. सासूबाई देवऋषी शोधत होत्या. डॉक्टरांना शेवटी मीच फोनवर संकोचत सांगितलं, तर ते म्हणाले हा त्या गोळीचा माहितीतला दुष्परिणाम आहे. हळूहळू बंद केली आणि दोन महिन्यांत रमी सुटली. गेलेले पैसे गेले. आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर लक्ष ठेवलं असतं, इतकंच.

हिशेबनीस | १४ जून, सकाळी ११:१५

पैशाचं कुणी बोलत नाही म्हणून मी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचं नाव आहे, तेव्हा त्रास वाढला की यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज करता येतो. जुन्या करप्रणालीत असाल तर उपचारखर्चाची वजावट (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम ८०डीडीबी), ज्येष्ठांसाठी एक लाखापर्यंत. न्यूरॉलॉजिस्टचं प्रमाणपत्र लागतं आणि अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त हवं.

पार्ल्याची_पोर | १४ जून, दुपारी ३:००

थोडं अवांतर. माझ्या आईलाही पार्किन्सन्स म्हणून गोळ्या सुरू केल्या होत्या. दोन्ही हातांना कंप, चाल मंद. दुसऱ्या डॉक्टरने आधी औषधांची पिशवी उलटी केली. त्यात चक्कर येते म्हणून वर्षभर चाललेली सिनारिझिन आणि पित्तासाठीच्या कॅप्सूलमध्ये लेवोसल्पिराइड निघालं. दोन्ही थांबवली, चार महिन्यांत आई परत भराभरा चालायला लागली. पार्किन्सन्स नव्हताच.

नसानसांत | १४ जून, रात्री ९:४०

अवांतर अजिबात नाही. आपल्याकडे हे फार होतं. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइडही त्याच माळेतलं. पार्किन्सन्सच्या घरात फ्रिजवर या नावांची चिठ्ठी लावून ठेवा.

ठाणेकर_अबोली | १५ जून, रात्री ११:५०

दोन दिवस लिहू की नको करत होते. कृष्णाकाठ, तुम्ही खरं सांगा म्हणालात म्हणून लिहिते. आईला चौदा वर्षं होता. दोन वर्षांपूर्वी ती गेली.

पहिली सात-आठ वर्षं मास्तर लिहितात तशीच. ती एकटी लोकलने दादरला जायची. नववं-दहावं वर्ष पडण्याचं. मनगट मोडलं, मग नाकावर पडली. वळताना पडायची, सरळ चालताना नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यापासून फ्रिजकडे वळायचं, एवढंच. त्या वर्षी आम्ही पायपुसणी आणि सतरंज्या काढल्या, जे पहिल्याच वर्षी करायला हवं होतं.

अकराव्या वर्षी तिला मुलं दिसायला लागली. माळ्यावर पाय सोडून बसलेली तीन लहान मुलं. ती घाबरायची नाही. मला म्हणायची, "त्यांना काहीतरी खायला दे, केव्हाची बसलीयेत." मी आधी वाद घातला. मग रडले. मग एक दिवस वाटीत तीन लाडू काढून ठेवले. डॉक्टरांनी दोन गोळ्या टप्प्याटप्प्याने काढल्या, लेवोडोपा ठेवली, रात्रीची एक छोटी गोळी दिली. मुलं कमी झाली, पूर्ण गेली नाहीत.

मधे ती एका मोठ्या रुग्णालयात न्यूमोनियासाठी दाखल होती. घरी सकाळी सहाची असलेली गोळी वॉर्डात राउंड झाल्यावर साडेनवाला मिळायची. मी सांगत होते, सिस्टर म्हणायच्या, चार्टप्रमाणे देतो. तिसऱ्या दिवशी आई लाकडासारखी झाली आणि सगळे म्हणाले आजार वाढला. आजार नव्हता वाढला, गोळी उशिरा होत होती. चौथ्या दिवसापासून मी गजर लावून डॉक्टरांच्या लेखी परवानगीने स्वतः गोळी दिली. शनिवारी ती उठून बसली.

शेवटची दोन वर्षं गिळण्याची. चहा पिताना ठसका, जेवायला तास. पातळ पदार्थ जास्त अडकतात हे मला माहीत नव्हतं, मी पेजच पातळ करत होते. घट्ट हवी. हनुवटी खाली करून, ताठ बसवून, एकेक घास. शेवटी अन्न श्वासनलिकेत जाऊनच न्यूमोनिया झाला.

एवढं सगळं लिहिलं, पण ती शेवटपर्यंत मला ओळखत होती. आवाज इतका बारीक झाला होता की कान तोंडाशी न्यावा लागायचा, आणि कान नेला की ती म्हणायची, "केस बांध."

भटकभवानी | १६ जून, सकाळी ७:२०

अबोली, __/\__

कोकणकन्या | १६ जून, सकाळी ९:००

अबोलीताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण नुकतं निदान झालेल्या घरी इतकं सविस्तर सांगायची गरज होती का? माझे दीर पंधरा वर्षं झाली ठणठणीत आहेत. प्रत्येकाचं असं होत नाही.

कृष्णाकाठ | १६ जून, सकाळी ९:४०

मीच विचारलं होतं. अबोलीताई, 'केस बांध' वाचून उठून बाल्कनीत जाऊन आलो. त्या गोळीच्या वेळेचं मी छापून पाकिटात ठेवणार आहे.

नसानसांत | १६ जून, रात्री १०:३०

दोघींचंही खरं आहे. कोणाचा आजार मंद चालेल हे नक्की सांगता येत नाही, थोडे अंदाज बांधता येतात. कंपाने सुरुवात झालेल्यांचा बहुधा सावकाश जातो, चाल आणि तोलापासून सुरू झालेल्यांचा तुलनेने लवकर. पन्नाशीच्या आत झालेल्यांना लांबचा पल्ला मिळतो, पण डोलणं लवकर येतं. आणि पहिल्या वर्षातच पडणं, भास, किंवा गोळीचा काहीच परिणाम नाही, असं असेल तर निदान पुन्हा तपासावं. पार्किन्सन्ससारखे दिसणारे दुसरे आजार आहेत आणि त्यांचा वेग वेगळा असतो.

आकडा हवाच असेल तर, सिडनीत १३६ नव्या रुग्णांचा वीस वर्षं पाठपुरावा केला होता. वीस वर्षांनी जे हयात होते, त्यांतल्या ८३ टक्क्यांना स्मृतिभ्रंश होता. आकडा भीतिदायक आहे. पण तोपर्यंत ते सरासरीने सत्तरीच्या पुढचे होते, आणि मधली वीस वर्षं या आकड्यात दिसत नाहीत.

अबोलीताईंच्या लिहिण्यातली एक गोष्ट मी माझ्या प्रत्येक पेशंटच्या घरी सांगतो. पार्किन्सन्स महिन्यांनी आणि वर्षांनी सरकतो, दिवसांनी नाही. काल चालत होते आणि आज उठता येत नाही, काल शुद्धीत होते आणि आज बरळतायत, तर तो पार्किन्सन्सचा पुढचा टप्पा नव्हे. लघवीतला जंतुसंसर्ग बघा, छाती बघा, चार दिवस पोट साफ झालंय का बघा, पाणी किती पितात, नवं औषध कोणतं आलं, गोळी चुकली का, डोक्यावर पडले होते का. 'आता काय, आजार वाढला' म्हणून घरीच ठेवलेले पेशंट साध्या लघवीच्या तपासणीने पुन्हा पायावर उभे राहिलेले मी पाहिलेत.

फिजिओ_मुग्धा | १७ जून, दुपारी ४:१५

पाय जमिनीला चिकटण्यावर कुणी लिहिलं नाही. दारातून जाताना, लिफ्टच्या उंबऱ्यावर, वळताना पाऊल उचलतच नाही, वरचं अंग मात्र पुढे जातं. घरचे हात धरून ओढतात. ओढू नका, तिथेच पडतात. थांबा, एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकायला सांगा आणि 'एक, दोन, साडेमाडे तीन' म्हणा. हसू नका, तीनला पाय सुटतो. आमच्याकडचे एक काका शाळेत लेझीम खेळायचे, त्यांनी लेझमीचा ठेका तोंडाने धरला की आख्खा पॅसेज पार करतात. आतला ठेका बिघडलाय, बाहेरून दिला की चालतो.

म्हणूनच सपाट जमिनीवर अडकणारा माणूस जिना मात्र झरझर चढतो. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनरने आपल्या काकांचं हेच पाहिलं आणि घरातल्या जमिनीवर जिन्याचं चित्र चिकटवलं. सपाट फरशी, पण डोळ्याला पायऱ्या. काका त्यावरून चालत गेले. तुम्ही दारात रंगीत चिकटपट्टीच्या चार आडव्या रेघा मारा, तेवढंही पुरतं.

आणि व्यायाम आत्तापासून, पाय चिकटायची वाट बघू नका. सांगलीला गट नसेल तर पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाशी बोला. तिथले लोक नाचतात, गातात, सहलींना जातात.

कृष्णाकाठ | २० जून, रात्री १०:१०

शनिवारी सांगलीला जाऊन बाबांना सगळं सांगितलं. अबोलीताईंची पोस्ट सोडून. (मग रात्री तीही वाचून दाखवली.) ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे गाडी जलद नाही, साधी आहे. सगळे थांबे घेणार." आणि जेवायला उठले.

कृष्णाकाठ | ९ ऑगस्ट (पुढच्या वर्षी), रात्री ९:२०

धागा वर काढतोय. चौदा महिने झाले. कुणाला रस असेल म्हणून लिहितो.

मे महिन्यात डाव्या हाताचं बोट हलायला लागलं. म्हणजे कागदावर दुसरी स्टेज. मी दोन दिवस सुतकात होतो. बाबांनी लक्षच दिलं नाही, कारण त्यांच्या दिवसात काही बदललेलं नव्हतं. रोज संध्याकाळी चालत स्टँडवर जातात, जुन्या लोकांत बसतात, परत येतात. पूर्वी वीस मिनिटं लागायची, आता तीस.

गोळ्यांचं त्यांनी डेपोसारखं वेळापत्रक केलंय. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तक्ता, त्यात गोळी सुटायची वेळ, लागायची वेळ आणि शेरा. सकाळची गोळी म्हणजे 'सातची मिरज'. उशीर झाला तर शेऱ्यात कारण: 'पाहुणे', 'पोहे आधी खाल्ले', 'आई फोनवर'. डॉक्टरांना मागच्या खेपेला तोच तक्ता दाखवला. त्यांनी एकच गोष्ट विचारली, दुपारी बाराच्या पुढे शेरे का वाढलेत? मग आमच्या लक्षात आलं की सकाळच्या गोळीचं शेपूट आखडायला लागलंय. डोस तेवढाच ठेवून दुपारच्या गोळीची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणली. सध्या ठीक.

जानेवारीत एकदा घाबरलो होतो. दोन दिवसांत बाबा एकदम ढेपाळले, रात्री मला 'कंडक्टर' म्हणून हाक मारत होते. नातेवाईक जमले. मला इथलं वाचलेलं आठवलं, लघवी तपासली. जंतुसंसर्ग. आठवड्यात पुन्हा तक्ता लिहायला लागले आणि मधल्या दिवसांपुढे शेरा घातला: 'गाडी रद्द, कारण बाहेरचे'.

पण आवाज खाली गेलाय. स्टँडवर जो माणूस माइकशिवाय गाडी पुकारायचा त्याला आता आई "काय? काय?" करते, आणि मग ते बोलायचंच टाळतात. चिडचिड त्याचीच जास्त आहे. बाबांनी हा धागा पूर्ण वाचलाय. मास्तरांना विचार म्हणाले, तुम्ही आवाजाचं काय केलंत?

निवृत्तमास्तर | १० ऑगस्ट, दुपारी १:५५

वडिलांना माझा नमस्कार. तक्त्याचा फोटो टाका, माझी वही त्यापुढे गबाळी वाटतेय.

आवाजाचं असं आहे की आपल्याला वाटतं आपण नेहमीसारखंच बोलतोय. मोजणारं यंत्रच बिघडलेलं असतं. मला स्पीच थेरपिस्टबाईंनी मोबाइलवर माझंच बोलणं ऐकवलं तेव्हा पटलं. त्यांचा नियम एकच, ओरडतोय असं वाटेल इतक्या मोठ्यांदा बोला. ऐकणाऱ्याला ते साधं बोलणं वाटतं. रोज पंधरा मिनिटं. मी गच्चीत जाऊन पावकी, निमकी, पाऊणकी आणि शेवटी दीडकी म्हणतो. खालच्या मजल्यावरचा सहावीतला मुलगा आता दीडकी बिनचूक म्हणतो, त्याच्या शाळेत कुणाला ती माहीत नाही.

तुमच्या वडिलांनी पाढे नका म्हणू, त्यांनी गाड्या पुकाराव्यात. सांगली-कोल्हापूर, मार्गे जयसिंगपूर-हातकणंगले, फलाट क्रमांक तीन. थांब्यांसकट, श्वास घेऊन, एकेक नाव स्वच्छ. कंटाळा आला की लांब पल्ल्याची घ्यायची.

अजून सांगायचंय, पण दोनची वेळ झाली आणि जीभ जड व्हायला लागलीय. गोळी घेतो, पाऊण तासाने लिहितो.